अकरा नंबरची काच

मी कॉलेजात नेमकं काय शिकते हे आमच्या घरात कोणालाच धड माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं म्हणून मी पुष्कळ मेहनत घेत होते. जनावरांची डॉक्टर झाले इथवर सगळं ठीक होतं, त्याचे पेढे झरीत, आमच्या गावात, घरोघर वाटून झाले होते. पण पुढं आणखी दोन वर्षं शिकायचं ठरलं, गाईड सरांनी कागदावर विषय लिहून दिला आणि माझी पंचाईत सुरू झाली. विषय होता, बोकडाच्या वृषणाची पेशीरचना. कागदावर तो भारदस्त दिसत होता. पण सुटीत घरी गेले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाजेवर बसल्या बसल्या विचारलं, "आता कशावर लिव्हायलीस म्हणं?" मी म्हटलं, "बोकडावर." घरात तीस शेळ्या, त्यामुळं अण्णा खूश झाले. "बोकडाच्या कशावर?" मी म्हटलं, "आतल्या भागावर." "म्हंजी काळीज का फोपसं?" मी म्हटलं, "त्याच्या जरा खाली." माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता निकाल देऊन टाकला, "पोटाचं असंल. पोटच लय बिगडतंय त्यायचं." मी घाईघाईनं मान हलवली. त्या दिवसापासून मी गावात बोकडाच्या पोटाची मोठी डॉक्टर झाले, आणि सुटीत आले की पोट फुगलेली करडं घेऊन बाया आमच्या दारात उभ्या राहू लागल्या. करडांना गोडं तेल पाजता पाजता माझी सुटी सरायची.

आज निवृत्त होऊन नातवंडांच्या मोबाईलवर काय काय बघते, तेव्हा तो संकोच आठवून हसू येतं. पण तेव्हा घरात शेळी 'फळली', म्हणजे तिला बोकड लागला, हा शब्दसुद्धा अण्णा मला पाहून हळू बोलायचे. आणि गंमत अशी की त्या घराचा सगळा संसारच त्या एका गोष्टीवर चालत होता. पहाटे माझी झोप मोडायची ती शेळ्यांच्या शिंकण्यानं. मग गळ्यातल्या घंट्या, मग मायच्या बांगड्या आणि पितळी भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज. शेळीच्या दुधाचा चहा आम्हाला वास न येता पिता यायचा, पाहुण्यांना यायचा नाही. या सगळ्या गोतावळ्यात दोनच पुरुष मानाचे होते, सरदार आणि वजीर. मामानं पोखर्णीहून मायला एक गाभण शेळी दिली होती, ती विताना गेली आणि मागं हे दोन जुळे राहिले. मायनं त्यांना बाटलीनं दूध पाजून, स्वतःच्या बाजेखाली झोपवून वाढवलं. दोघंही काळेभोर, कानांवर पांढरे ठिपके, आणि मोठे झाल्यावर असा वास की रस्त्याच्या वळणावरूनच आमचं घर सापडायचं. गल्लीतल्या बाया आपल्या शेळ्या माजावर आल्या की आमच्याकडं घेऊन यायच्या. कोणी बदल्यात पदरात शेंगा घालायची, कोणी हुरड्याची कणसं. मायला त्या शेंगांपेक्षा त्या बायांचं येणं मोलाचं वाटायचं. "माझ्या सरदारची लेकरं साऱ्या गल्लीत हायती," असं ती अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्यानं सरदाराला नमस्कारच करावा.

इकडं परभणीत मी त्याच जातीच्या प्राण्याकडं दुसऱ्या टोकानं बघत होते. मला बारा बोकडांचे नमुने गोळा करायचे होते आणि ते मिळायचे जब्बार चाचांच्या दुकानात. जब्बार चाचा साठीचे, दाढीला मेंदी, आणि बोकडाचं वय दातांवरून महिन्यापर्यंत अचूक सांगणारे. पहिल्यांदा गेले तेव्हा घसा खाकरून, इकडंतिकडं बघून, मला काय हवंय ते मी इतक्या आडवळणानं सांगितलं की त्यांनी मला आधी कलेजी, मग गुर्दे, मग भेजा काढून दाखवला. शेवटी उमगलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "हौ, ऐसा बोल ना बेटी! शरम कायकू? ये नहीं तो बकरा नहीं, बकरा नहीं तो जब्बार नहीं." त्यानंतर दर खेपेला ते माझा डबा वेगळा ठेवायचे आणि चिठ्ठीवर लिहायचे, 'दो दाती, भुरा' किंवा 'चार दाती, काला'. तो डबा पिशवीत घालून मी सिटीबसमध्ये बसायचे, आणि शेजारच्या बाईनं "डब्यात काय गं पोरी?" विचारलं की "भाजी" म्हणायचे.

प्रयोगशाळेत त्या नमुन्याच्या वाटाण्याएवढ्या फोडी करून, कुजू नयेत म्हणून लगेच पिवळ्या द्रावणात टाकायच्या. त्या द्रावणानं माझी बोटं अशी पिवळीधमक व्हायची की आठ-आठ दिवस रंग जायचा नाही, आणि मेसमधल्या मावशी दर महिन्याला नव्यानं विचारायच्या, "हळद लागली का काय?" माझी खोलीतली मैत्रीण सुनंदा, पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, त्यांना गंभीरपणे सांगायची, "लागली की. बोकडाची लागली." त्या फोडी मग मेणात बसवायच्या, यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायच्या, काचेच्या पट्टीवर घ्यायच्या, जांभळा आणि गुलाबी रंग द्यायचा. आठ-दहा दिवसांची ही यातायात. पण सूक्ष्मदर्शकाखाली पहिली काच नीट दिसली तो दिवस मला अजून आठवतो. मी डोळा लावला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. गोल गोल नळ्यांची तोंडं एकमेकींना खेटून बसलेली. प्रत्येक गोलाच्या कडेला, भिंतीला धरून, ठसठशीत गोल पेशी, अगदी मळलेल्या पिठाच्या उंड्यांसारख्या. त्यांच्या आत दुसरी रांग, जरा मोठी, पोटात रंगीत धाग्यांचा गुंता. त्याच्या आत बारीक, त्याच्या आत आणखी बारीक आणि लांबट. आणि मधोमध पोकळीत तयार झालेले शुक्राणू, शेपट्या आत सोडून, डोकी भिंतीकडं करून बसलेले. कडेपासून मधापर्यंत उंच उंच दाईपेशी, ज्या स्वतः काही होत नाहीत, पण बाकी सगळ्यांना अंगाखांद्यावर घेऊन वाढवतात. मला त्या फार आवडायच्या. आणि नळ्या-नळ्यांच्या मधल्या सांदीत वेगळ्याच पेशींची टोळकी. बोकडाची दाढी, त्याचा वास, त्याचा माज हे सगळं त्यांच्या कामाचं. एवढी शिस्तीची गृहस्थी त्या उर्मट, घाणेरड्या, दिसेल त्याला शिंग मारणाऱ्या प्राण्याच्या पोटी असावी याचं मला नवल वाटायचं. आणि हे घरी कोणाला सांगता येत नाही याचं वाईटही वाटायचं.

दहा नमुने नीट झाले. अकराव्यानं घोळ घातला. संक्रांत झाली होती, परभणीची थंडी ऐन भरात होती. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. उन्हाळ्यात जिथं डांबर पातळ होतं तिथं थंडीत सकाळी बोटांनी काच धरवत नाही. त्या कडाक्यात मी अकरा नंबरची काच लावली आणि आत बघते तर घर रिकामं. नळ्या होत्या, पण आक्रसलेल्या. कडेला मोजक्या पेशी, दाईपेशी बिचाऱ्या हात रिकामे घेऊन उभ्या, आणि मधे जिथं शुक्राणूंची दाटी हवी तिथं नुसता गाळ. मधल्या सांदीतली टोळकी मात्र जशीच्या तशी, खुशाल. मी दुसरी काच केली, तिसरी केली, सगळीकडं तेच. गाईड सरांनी बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला. सर मितभाषी, पण जे बोलायचे ते टोचायचं. "नमुना उन्हात ठेवला होता का बाई?" मी म्हटलं, "नाही सर." "मग द्रावणात टाकायला उशीर केला. चार दाती, ऐन उमेदीतला बोकड असा निघत नाही. हलगर्जीपणा आहे. हा फेका आणि नवीन आणा." मला रडू आलं. मी हलगर्जी केली नव्हती. त्या दिवशी तर मी डबा छातीशी धरून बसच्या दारात उभी राहून आले होते. सुनंदा म्हणाली, "अगं, मग बोकडाचाच दोष असेल. विचार जा त्याच्या मामाला."

मामा म्हणजे जब्बार चाचा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले आणि अकरा नंबरचा बोकड आजारी होता का ते विचारलं. चाचांना राग आला. त्यांच्या दुकानात आजारी जनावर? "बेटी, ऐसा तगडा बकरा, क्या बोलू तेरे को. शेर था शेर! और नवाब भी था. कपडे पहन के आया था." मी म्हटलं, "कपडे?" चाचा हसत हसत आत गेले आणि गोणपाटाची एक झूल घेऊन आले. झूल मला नवी नव्हती. थंडीत आमच्याकडं सगळेच शेळ्यांच्या पाठीवर बांधतात. पण या झुलीला मागच्या बाजूला एक जोड होती. कापूस भरलेली, बारीक टाके घातलेली, वर पाठीवरून बांधायला नाडी लावलेली, दोन्ही मुठी मावतील एवढी पिशवी. गोधडीचीच म्हणा ना. चाचा म्हणाले, "देख, उसकू नीचे से भी बंडी पहनाई थी! किसी ने बडे प्यार से बनाई."

मी ती हातात घेतली. निळं कापड होतं, कडेला लाल दोऱ्याची आडवी टीप. माझा सातवीतला शाळेचा स्कर्ट काटेरी कुंपणात अडकून फाटला होता आणि घरात निळा दोरा नव्हता म्हणून मायनं लाल दोऱ्यानं शिवला होता. शाळेत वर्षभर पोरींनी मला त्यावरून चिडवलं होतं. ती टीप मी कुठंही ओळखली असती. म्हणजे माझा अकरा नंबर वजीर होता. ज्याला सुटीत मीही बाटलीनं दूध पाजलं, ज्यानं माझ्या कॉलेजच्या वहीची चार पानं खाल्ली, त्याच्याच मी फोडी केल्या होत्या, आणि त्याच्याच नावानं बोलणी खाल्ली होती. मी दुकानातल्या बाकावर बसले. चाचांनी चहा मागवला, काय झालं विचारलं नाही. थोड्या वेळानं ते आपण होऊन म्हणाले, "ब्यापारी बोला, इसका भाई भी है. उसी घर का. मालिक बेजार हो गया, बोलता बकऱ्या गाभन नहीं होत्या. परसो बाजार में लाता. तेरा बारा नंबर हो जाएगा बेटी, फिकर नक्को कर."

माझ्या डोक्यात मग सगळं एकदम लागलं. वृषण शरीराच्या बाहेर का लोंबतात हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं पहिलं पान. आतल्या उबेत शुक्राणू तयार होत नाहीत, त्यांना अंगापेक्षा जरा गार लागतं. म्हणून उन्हाळ्यात ती थैली खाली सैल सुटते, थंडीत वर आखडून अंगाशी येते; शरीर आपलं आपण हिशेबानं वर-खाली करत असतं. मायनं शेळ्यांमध्ये जन्म काढलेला, तिला हे आखडणं पुस्तक न वाचता दिसलं असणार. आणि तिनं त्याचा अर्थ लावला तो आईनं लावावा तसाच लावला, की लेकराला थंडी वाजतेय. मी दिवाळीनंतर घरी गेले नव्हते. थंडी पडली तसा तिनं माझा जुना स्कर्ट काढला असेल, रानातला कापूस भरला असेल आणि दोघांना सारख्या दोन पिशव्या शिवल्या असतील. तिच्या त्या मायेनं एक जण आधीच रिकामा झाला होता. दुसरा परवा बाजारात जाणार होता. ती नाडी लावलेली पिशवी मी पर्समध्ये कोंबली, खोलीवर येऊन पेटीच्या तळाशी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं झरी गाठली. वाटेत एकच ठरवलं होतं, वजीरचं मायला सांगायचं नाही.

घरात पाय ठेवला तेव्हा अंगणात पंचायतच बसली होती. अण्णा नवं दावं वळत होते. शेजारची भागाबाई कमरेवर हात देऊन उभी होती. तिच्या दोन शेळ्या दोनदा सरदारकडं आणून दोन्ही वेळा वीस-एकवीस दिवसांनी उलटल्या होत्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या होत्या. आमच्या घरच्या पाच-सहा शेळ्यांचीही तीच गत. माय भिंतीला टेकून सुपातल्या तुरी निवडत होती, आणि मान वर करत नव्हती. तिचा चेहरा बघून माझा जीव गलबलला. गल्लीतल्या बाया आपल्याकडं येतात हा तिचा एकुलता एक तोरा, आणि त्याच बायांसमोर तिच्या लेकराची लाज निघत होती. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "माय, आधी सरदारची पिशवी काढ."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरदार मागच्या गोठ्यात बांधलेला होता. अण्णा म्हणाले, "हात-पाय धू, चहा घे. कामून आलीस मधीच?" मी म्हटलं, "अण्णा, त्याला विकू नका. त्याचा दोष न्हाई. त्या पिशवीनं झालंय." माय म्हणाली, "त्याला थंडी वाजायलीय गं. लय आखडलं होतं बिचाऱ्याचं." "वाजू दे." "वाजू दे म्हंजी?" आता आडवळण घ्यायला वाव नव्हता. मी अण्णा, भागाबाई, कुंपणावरून डोकावणारं निम्मं गाव यांच्यासमोर बोलले, "माय, बोकडाच्या आंडाला ऊब चालत न्हाई. त्यात बी तयार व्हायचं थांबतंय. मी दोन वर्सं झाले त्याच्यावरच शिकायले. पोटावर न्हाई. आंडावर."

अण्णांना एकाएकी खोकल्याची उबळ आली. भागाबाईनं पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलताना दिसत होते. मला एकदम मोकळं वाटलं. बंधाराच फुटला म्हणा. मी बसकण मारली, चुलीपाशी पडलेल्या काडीनं जमिनीवर गोल काढले, कडेच्या पेशी, मधल्या पेशी, दाईपेशी, शेपट्या, सगळं काढून दाखवलं. येताना सहाव्या नमुन्याची, नीट असलेली काच रुमालात गुंडाळून आणली होती ती मायच्या हातात दिली. तिनं ती सूर्याकडं धरून बघितली. "कुकवाचं बोट लागल्यावानी दिसायलंय," ती म्हणाली. अण्णा खोकला संपवून म्हणाले, "तुजं समदं खरं. पण त्याचा माज तं कायम हाय की. आज सकाळीच दावं तोडलं त्यानं." मी म्हटलं, "अण्णा, माज येगळ्या पेशीत तयार होतो, बी येगळ्या. उबेनं बी जातं, माज न्हाई जात. रुबाब पुरा, अन् आत काई न्हाई." भागाबाईला आता हसू आवरेना. "असली माणसं बी हायती की गं बाप्पा!" ती म्हणाली, आणि मग हसणं थांबवून, "अन् मी माज्या शेळ्यायलाच वांझ म्हणून इकाया काढलं होतं."

ते वाक्य मला पुढं आयुष्यभर पुरलं. आमच्या गावात शेळ्याच काय, तीन-चार सुनासुद्धा तशाच माहेरी परत धाडल्या गेल्या होत्या, आणि रुबाबाकडं बोट दाखवायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्या दिवशी अंगणातल्या दोन-तीन बाया जमिनीवरच्या माझ्या गोलांकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या, हे मी पाहिलं.

मायला मात्र पटलं नव्हतं. तिनं काच माझ्या हातात परत दिली. "जल्मभर लेकरायला उबंतच वाढिवलं. तुला बी. ऊब वाईट कशी व्हईल?" तिच्या आवाजात राग नव्हता, तेच कठीण होतं. मी पुस्तकातलं सांगायला लागले, तापमान, रक्तवाहिन्या, माझी मीच अडखळले. ती ऐकत होती आणि तिची बोटं सुपातल्या तुरींवरून फिरत होती. मग ती थांबली. "म्हंजी," ती हळू म्हणाली, "कडत दुधात इरजण घातल्यावानी."

"हो माय."

"लागत न्हाई मंग. नासतंय."

"नासतंय."

ती उठली, सूप बाजूला ठेवलं, आणि गोठ्यात गेली. जरा वेळानं आली तेव्हा हातात निळी पिशवी होती. मागं सरदार मोठ्यांदा शिंकला. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "किती दिवस लागतेल?" मी म्हटलं, "कडेच्या पेशी शाबूत असतील तर दोन महिने. त्या सुरुवातीपासून सगळं पुन्हा करतात." "अन् नसतेल तर?" मी हातातली काच पुन्हा रुमालात गुंडाळली. अण्णांनी वळलेलं दावं खुंटीला टांगलं. "गुढीपाडव्यापस्तोर बगू," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर तुझ्याच कालेजात धाडतो. तूच बग त्याचं आतलं."

ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाराव्या नमुन्यासाठी चाचांनी दुसराच एक बोकड दिला. सरांना मी सगळं खरं सांगितलं. वजीरचंसुद्धा. सरांनी अकरा नंबरची काच पुन्हा लावून बघितली, मग चष्मा नाकावर आणून म्हणाले, "फेकली नाहीत ना? ठेवा. याचं वेगळं प्रकरण लिहा." मग म्हणाले, "मी हलगर्जीपणा म्हणालो होतो. तो माझा होता." सरांकडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे आमच्या विभागात सुवर्णपदकच. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी सरदारचा जीव माझ्या शब्दावर टांगून आले होते, आणि पुस्तकात तर फक्त सरासरी लिहिलेली असते, सरदार लिहिलेला नसतो. पाडवा झाला. भागाबाईनं आपली एक शेळी आणली एवढा निरोप आला, पुढं काही नाही.

वैशाखात एका दुपारी विभागाच्या दारात माय उभी. ती परभणीला दवाखान्यापुरती यायची, कॉलेजात पहिल्यांदाच आली होती. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात डबा. मला बघताच तिथंच उभ्या उभ्या म्हणाली, "उलटली न्हाई. भितीवर रोज कोळशाची रेघ मारली. बावीस झाल्या." एवढ्या मोठ्यानं, की शेजारच्या खोलीतले दोन प्राध्यापक बाहेर आले. मी तिला मिठी मारली. तिच्या पदराला सरदारचा वास येत होता आणि मला तो त्या क्षणी अत्तरासारखा वाटला. ती म्हणाली, "आता दाव मला. काय बगतीस ते."

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत एसी होता. मी तिला उंच स्टुलावर बसवलं, सहा नंबरची काच लावली, एक डोळा मिटायला शिकवलं. तिला आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं. "समद्या भरल्या घरावानी हाय," ती म्हणाली. दाईपेशी दाखवल्या, त्यांचं काम सांगितलं. तिनं मान डोलवली, जशी ती ओळखीच्या बायांना डोलवायची. मग डोळा न काढता म्हणाली, "आता ते रिकामं दाव."

मी अकरा नंबरची काच लावली. ती खूप वेळ बघत राहिली. "वजीर हाय ना ह्यो?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "तूच. उंबऱ्यातून वरडलीस ना, पिशवी काढ म्हणून. तू दिवाळीपसून घरी न्हाईस, अन् पिशव्या म्या त्याच्या बादी शिवल्या. सरदार गोठ्यात. तुला पिशवी दिसली कुठं? दुसरी तं वजीराच्या संगं गेली होती." मी खाली मान घातली. तीन महिने तिला हे माहीत होतं आणि तिनं शब्दानं विचारलं नव्हतं. मी माफी मागायला लागले तर तिनं हातानं थांबवलं. डोळे पुसले, आणि पुन्हा एकदा डोळा लावून बघितलं. "माझ्या हातानं रिकामा झाला बिचारा," ती म्हणाली. "पर त्याच्यामुळं भाऊ वाचला त्याचा." मग पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेत तिनं खोलीभर नजर फिरवली. "लय गार ठिवलंय गं त्याला इथं."

भागाबाईची शेळी गणपतीत व्याली, दोन करडं, दोन्हींच्या कानांवर पांढरे ठिपके. माय आज नाही, सरदारही नाही. पण ती अकरा नंबरची काच माझ्याकडं आहे, आणि पुढं नोकरीत माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोरापोरीला मी ती दाखवली आहे. ती मी जशी ठेवते ते बघून सगळे हसतात. काचा लाकडी पेटीत ठेवतात, कोणी गोधडीत ठेवत नाही. झालं असं की माय परत गेली त्याच्या आठवडाभरानं झरीच्या एसटीच्या कंडक्टरनं बसस्टँडवर मला डबा आणून दिला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि खाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी मऊ. सरदारची उतरवलेली पिशवी उसवून, छोटी करून, नवा कापूस भरून मायनं काचेच्या मापाची खोळ शिवली होती. निळं कापड, नाडीसकट. कंडक्टर डोकं खाजवत म्हणाला, "मला काई उमगलं न्हाई बाई. तुमची माय म्हणली तसंच सांगायलोय. म्हणली, ह्याला आता ऊब चालती."